पानफुटीच्या घंटा

मराठी शाळेतून बाहेर पडलेल्या कुणालाही पानफुटी विचारा. "हो हो, ते पान! कडेने पिल्लं येतात ते," असं उत्तर दोन सेकंदांत मिळतं. बहुतेकांनी ते पान कधीतरी वहीत दाबून ठेवलेलं असतं आणि आठवड्याने वही उघडून फुटलेली मुळं वर्गभर दाखवत हिंडलेले असतात. आता त्याच माणसाला पानफुटीचं फूल कसं असतं ते विचारा. सन्नाटा. आमच्या हापिसात जेवणाच्या टेबलावर हा प्रश्न टाकून बघितला, तर बहुमत असं पडलं की पानफुटीला फूल येतच नाही, म्हणून तर बिचारीला पानातून पोरं काढावी लागतात. लॉजिक भारी आहे, पण उत्तर चुकलं.

फूल येतं, आणि चांगला तुरा भरून येतं. हिवाळ्यात झाडाच्या शेंड्यातून एक दांडा वर चढतो, कमरेएवढा, कधी त्याहून उंच. त्याला फांद्या फुटतात आणि खाली तोंड करून घंटा लटकायला लागतात. बाहेरची घंटा कागदी कंदिलासारखी फुगीर, हिरवट पिवळी, वर तांबूस छटा. तिच्या आतून लालसर नळी डोकावते. कळी चिमटीत दाबली तर टच्चकन फुटते (घरातल्या मुलांना हे एकदा कळलं की तुमच्या घंटा संपल्या म्हणून समजा). इंग्रजीत या झाडाला जी डझनभर नावं आहेत त्यातलं एक आहे 'कॅथेड्रल बेल्स', म्हणजे चर्चच्या घंटा. आपल्याकडे पानफुटी, घायमारी, हिंदीत पत्थरचट्टा, जरा संस्कृत बाज हवा असेल तर पर्णबीज. देशी नावांत घंटेचा पत्ता नाही. सगळी नावं पानाची, नाहीतर औषधाची.

त्या औषधावरूनच ही सगळी खोदाखोद सुरू झाली. माझी आत्या काही दिवस आमच्याकडे रहायला आली होती. तिच्या किडनीत खडा निघाला आहे, आणि कुणीतरी तिला मोबाईलवर पाठवलं होतं की पानफुटीची दोन पानं रोज सकाळी अनशापोटी चावून खा, खडा विरघळतो. आमच्या गॅलरीत कुंडी तयारच. मी म्हटलं, "आत्या, डॉक्टरला विचारलंस का?" तर म्हणाली, "अरे, त्यात काय विचारायचं! हजारो वर्षांपासून आपले लोक खातायत." तिला हृदयासाठीही एक गोळी चालू आहे, हे इथेच सांगून ठेवतो, पुढे लागणार आहे. माझ्या डोक्यात मात्र तो 'हजारो वर्षं' हा आकडा अडकला. इंजिनियर माणूस, आकडा आला की लॉग बघावासा वाटतो. तो विकांत आणि पुढचे दोन त्यातच गेले.

तर मंडळी, पानफुटी आपली नाहीच. ती मादागास्करची. आफ्रिकेच्या पूर्वेला जे मोठं बेट आहे तिथे तिची सगळी भावंडं सापडतात. नर्सरीत 'कलांचो' म्हणून लाल-पिवळ्या फुलांची जी ठेंगणी कुंडी मिळते, तीसुद्धा तिथलीच चुलत बहीण. मादागास्करच्या शेजारी मॉरिशस. तिथे फ्रेंचांचा अंमल होता आणि येणारंजाणारं प्रत्येक जहाज तिथे थांबायचं. १७८६ मध्ये लामार्कने या झाडाचं शास्त्रीय वर्णन छापलं आणि नाव दिलं कोटिलेडॉन पिन्नाटा. हा तोच लामार्क, जिराफाची मान वाला. (बिचाऱ्याने आयुष्यभर एवढं काम केलं आणि शाळेच्या पुस्तकात उरला तो जिराफापुरता.)

हिंदुस्थानात ती कलकत्त्याच्या बाजूने शिरली. ईस्ट इंडिया कंपनीने १७८७ मध्ये हुगळीच्या काठी शिबपूरला एक बाग काढली होती. रॉबर्ट किड नावाच्या लष्करी अधिकाऱ्याची ती कल्पना. हेतू अर्थातच शोभेचा नव्हता. जहाजांसाठी सागवान, मसाले, जे जे विकता येईल ते इथे लावून बघायचं. १७९३ पासून विल्यम रॉक्सबर्ग तिथला प्रमुख झाला आणि ती बाग म्हणजे झाडांचं जंक्शन झालं. मोलुकाची रोपं, मॉरिशसची रोपं, चीनची रोपं येताहेत, इथली इंग्लंडला जाताहेत. अठरावं शतक संपता संपता त्या गर्दीत पानफुटीही होती, आणि तिथूनच ती लंडनला पोचली.

लंडनमध्ये १८०५ साली सॅलिसबरी नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला नवीन नाव दिलं: ब्रायोफायलम कॅलिसिनम. गंमत म्हणजे त्याच वर्षी पर्सून या दुसऱ्या शास्त्रज्ञाने तिला कलांचो पिन्नाटा करून टाकलं. दोन डेव्हलपरनी एकाच दिवशी एकच फाईल वेगवेगळी बदलून चेक-इन केली की जे होतं तेच झालं. हा गोंधळ दोनशे वर्षं चालला आणि आजही काही पुस्तकांत ती ब्रायोफायलम आहे, काहींत कलांचो. पण मला सॅलिसबरीचं नाव आवडतं. ग्रीकमध्ये ब्रायोफायलम म्हणजे फुटणारं पान, अक्षरशः पानफुटी. आणि कॅलिसिनम म्हणजे जिचा निदलपुंज ठळक आहे ती. निदलपुंज म्हणजे फुलाचं बाहेरचं वेष्टण, म्हणजेच आपली ती कागदी घंटा. एकाच नावात पान आणि घंटा दोन्ही. पण वनस्पतिशास्त्रात नियम असा की विशेषणांपैकी जे आधी छापलं गेलं ते टिकतं. लामार्कचं पिन्नाटा १७८६ चं, त्यामुळे घंटा गेली. पिन्नाटा म्हणजे पिसासारखं, विभागलेलं. पुन्हा पानच.

आता यातला मला सर्वात आवडलेला माणूस. बेंजामिन हाईने. जर्मन, मोरावियन पंथाचा मिशनरी म्हणून त्रांकेबारला आला (आताचं तरंगमबाडी, तामिळनाडू) आणि झाडांच्या नादाने कंपनीच्या नोकरीत शिरला. १७९९ मध्ये टिपू पडल्यावर बंगळुरूचं लालबाग काही वर्षं याच्याच ताब्यात होतं. आपल्यातले निम्मे लोक ऑनसाईट नाही तर बंगळुरू करतात, रविवारी लालबागेत फोटो काढतात. हाईनेचं नाव कुणाला माहीत नसतं.

या हाईनेने काय केलं, तर पानफुटीचं पान चाखलं. एकदा नाही, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी. सकाळी पान चुक्यासारखं आंबट लागलं, दुपारपर्यंत आंबटपणा जाऊन बेचव झालं, संध्याकाळी किंचित कडवट. त्याने हे लंडनच्या लिनियन सोसायटीतल्या लँबर्टला पत्राने कळवलं आणि १८१५ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात ते छापून आलं. दोन-तीन पानांचं टिपण. प्रयोगशाळा नाही, लिटमस नाही, उपकरण म्हणाल तर स्वतःची जीभ. पण टाइमस्टॅम्पसकट तीन रीडिंग घेतल्यामुळे त्या टिपणाची किंमत आजही टिकून आहे. नुसतं 'पान आंबट असतं' असं लिहिलं असतं तर कुणी लक्ष दिलं नसतं. आंबटपणा उजेडाबरोबर जातो, हे त्याला दिसलं.

या निरीक्षणाचा अर्थ लागायला पुढे सव्वाशे वर्षं लागली. साधारण झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडून कार्बन डायॉक्साइड आत घेतात आणि तेव्हाच उन्हावर त्याची साखर बनवतात. पण छिद्रं उघडी म्हणजे पाणीही उडून जाणार. कोरड्या जागेत हे परवडत नाही. म्हणून पानफुटीने वेगळा मार्ग काढला: छिद्रं रात्री उघडायची, गार हवेत कार्बन डायॉक्साइड भरून घ्यायचा, त्याचं मॅलिक आम्ल करून पेशीतल्या पिशवीत साठवायचं (सफरचंदाला आंबटपणा देतं तेच आम्ल). सकाळ झाली की दारं बंद. मग दिवसभर तो साठा हळूहळू मोडून आतल्या आत साखर करत बसायचं. आपल्या भाषेत, इनपुट रात्रीच्या बॅचमध्ये घ्यायचं, प्रोसेसिंग दिवसा. पहाटे पिशवी काठोकाठ भरलेली, म्हणून सकाळचं पान आंबट. स्वित्झर्लंडच्या द सोस्यूरने १८०४ मध्येच निवडुंगाबद्दल अशा रात्रीच्या कारभाराची नोंद केली होती. १९४० च्या दशकात इंग्लंडमध्ये मेरियन थॉमस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यावर बरंच काम केलं, आणि पानफुटीच्या कुळावरून या प्रकाराला नाव पडलं क्रॅसुलेसियन अॅसिड मेटाबॉलिझम. अननस, निवडुंग, कोरफड, सगळे याच पंथाचे.

म्हणजे आत्याला मोबाईलवर आलेल्या 'अनशापोटी सकाळी'चा आणि हाईनेच्या चवीचा वेळ एकच आहे. सकाळी चावलेलं पान तोंड आंबवतं, आणि आंबट काहीतरी खाल्लं की दगड विरघळणार असं मनाला पटकन पटतं. हा माझा आपला तर्क, पुरावा नाही.

आता वायमारला जाऊ. जर्मनीतलं छोटं संस्थान, तिथे गटे रहायचा. कवी म्हणून तो सगळ्यांना माहीत असतो. आपल्याकडे तर 'शाकुंतला'मुळे जास्तच: विल्यम जोन्सच्या १७८९ च्या इंग्रजी भाषांतरावरून १७९१ मध्ये जर्मन भाषांतर आलं आणि गटे त्यावर इतका खूष झाला की त्याने कालिदासाच्या नाटकावर चार ओळी लिहिल्या. त्या आपण अजून भाषणांतून ऐकतो. पण हाच माणूस १७९० मध्ये वनस्पतींच्या रूपांतरावर पुस्तक काढून बसला होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की झाडाचं सगळं मूळचं पानच आहे. पाकळी, पुंकेसर, निदल, सगळी पानाचीच रूपं. लोकांनी फार मनावर घेतलं नाही.

उतारवयात त्याच्या हाती पानफुटी आली, आणि म्हाताऱ्याला जणू आपला खटला जिंकून देणारा साक्षीदारच सापडला. पानातून सबंध झाड! त्याने खिडकीत कुंड्या मांडल्या, रोपं वाढवली, त्यांच्या नोंदी ठेवल्या. घरातल्या कुंडीत पानफुटी जपणारा इतिहासातला सगळ्यात प्रसिद्ध माणूस हाच. जर्मनीत तिला आजही 'गटेचं झाड' म्हणतात. आणि तो पानं वाटायचा. आल्यागेल्याला, मित्रांना, पाकिटातून. मारियाना फॉन विलेमर म्हणून एक बाई होत्या, फ्रँकफुर्टच्या एका बँकरची बायको. गटेच्या 'दिवान'मधली सुलेखा ती हीच. दोघांची शेवटची भेट १८१५ ची, नंतर फक्त पत्रं. त्या भेटीच्या वर्षी त्याने तिला गिंकोच्या पानावरची कविता दिली होती. म्हातारपणी पाठवलं ते पानफुटीचं पान, सोबत ते कसं लावायचं ते सांगणाऱ्या ओळी. सूचना अगदी व्यवहारी आहे: पान मातीवर आडवं ठेवायचं. जमिनीत खोचायचं नाही. मी आज कुणाला पान देताना हेच सांगतो.

गटेचा सिद्धांत पूर्ण बरोबर होता असं मी म्हणणार नाही. पानफुटीच्या पानाच्या खाचांत बारीक डोळे झोपलेले असतात, पान झाडावर आहे तोवर ते सहसा झोपूनच रहातात. पान तुटलं, दुमडलं, दुखावलं की ते जागे होतात. हे का, यावर झाक लोएब या शरीरशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये जवळजवळ दहा वर्षं काढली. १९२४ मध्ये तो गेला त्याच वर्षी त्याचं पुस्तक आलं. त्याने सरळ तराजू घेतला. मोठं पान, छोटं पान, अर्धं कापलेलं पान, प्रत्येकातून किती वजनाची रोपं येतात ते मोजलं, आणि दाखवलं की रोपांचं वजन पानाच्या वजनाच्या प्रमाणात असतं. पान म्हणजे डबा, जेवढा भरून दिला तेवढंच पोरांना मिळतं. गटेने जे कवितेत पाहिलं ते लोएबने ग्रॅममध्ये मोजलं. मला दोघंही हवेत, पण कुंडी सांभाळताना लोएब जास्त कामाला येतो: रोप करायचं तर जाड, जुनं, भरलेलं पान निवडा.

पानफुटी बागेतून बाहेर कधी पडली? हुकरच्या 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया'च्या दुसऱ्या खंडात, म्हणजे १८७० च्या दशकाच्या अखेरीस, ती देशभरच्या झाडांमध्ये येऊन बसलेली दिसते. म्हणजे कलकत्त्याच्या वाफ्यातून निघून सगळ्या देशाची व्हायला पाऊणशे ते ऐंशी वर्षं. बी फारसं लागत नाही. जहाज, बैलगाडी, रेल्वे, कुणाच्यातरी पिशवीतलं एक पान, एवढ्यावर हा प्रवास झाला. सांगून टाकतो, आपल्या भागाच्या झाडांचा जो मोठा ग्रंथ आहे, 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बाँबे', तो लिहिणारा थिओडोर कुक हा इंजिनियर होता. १८६० मध्ये बीबीसीआय रेल्वेसाठी आला, वसईच्या खाडीवरच्या लोखंडी पुलाच्या कामावर होता, मग १८६५ पासून पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजचा प्रिन्सिपॉल. आजचं सीओईपी. निवृत्त होऊन क्यूला गेला आणि १९०१ ते १९०८ मध्ये तो ग्रंथ पुरा केला. इंजिनियरने झाडांत कशाला नाक खुपसायचं, असं कुणी म्हणालं की मी कुकचं नाव पुढे करतो. :)

आता परत आत्याच्या हजारो वर्षांकडे.

मूतखड्यावर जुन्या ग्रंथांत पाषाणभेद आहे, हे खरंच. चरकात आहे, सुश्रुतात आहे. अश्मरी म्हटलं की तो येतोच. पण ते ग्रंथ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे, आणि पानफुटी इथे येऊन झाली सव्वादोनशे वर्षं. तेव्हा चरकाचा पाषाणभेद काहीही असो, पानफुटी असणं शक्य नाही. तारखाच जुळत नाहीत. जाणकार आज पाषाणभेद म्हणून बहुधा जे झाड दाखवतात ते बर्जेनिया: हिमालयात खडकांच्या फटीतून उगवणारं, जाड गोल पानांचं. (गंमत बघा, त्याची गुलाबी फुलंही घंटेसारखीच, आणि थंड देशांत तेही कुंडीत लावतात.) पण हिमालयातलं मूळ कोकणात कुठून आणणार? म्हणून त्या त्या भागात मिळेल त्या झाडाला लोक पाषाणभेद म्हणत गेले. कुठे कापुरमाधुरी, कुठे नदीकाठची एखादी झुडपं. आणि मग एक परदेशी पाहुणी आली, मांसल पानांची, दगडावरसुद्धा रुजणारी. दगडावर रुजते म्हणजे दगड फोडते. रिकामं पद, हजर उमेदवार. पत्थरचट्टा, पर्णबीज अशी भारदस्त नावं तिला चिकटली आणि दोन-तीन पिढ्यांत ती 'आपल्या ऋषीमुनींची' झाली.

यात लोकांना हसण्यासारखं मला काही दिसत नाही. नवीन झाड घेऊन त्यावर काहीतरी करून बघणं हेसुद्धा ज्ञानच. जखमेवर पान गरम करून बांधणं यातूनच आलं असणार, घायमारी नाव त्याचंच. मिरची, बटाटा, काजू यांचंही असंच झालं. फरक एवढाच की 'हजारो वर्षं कुणाला काही झालं नाही' हा जो भरवसा असतो, तो या झाडाच्या बाबतीत उसना आहे. तो दुसऱ्याच झाडाच्या खात्यातला आहे.

आणि भरवसा का तपासायचा, तर पानफुटीत बुफाडायेनोलाइड नावाची द्रव्यं असतात. ती हृदयाच्या पेशीतल्या सोडियम-पोटॅशियम पंपावर काम करतात. डिगॉक्सिन नावाची हृदयाची जुनी गोळी आहे, तीही त्याच पंपावर काम करते. ऑस्ट्रेलियात हे झाड आणि त्याची भावंडं कुरणांत पसरली आहेत आणि ती खाऊन गुरं दगावल्याच्या नोंदी आहेत. सगळ्यात जास्त विष फुलोऱ्यात, म्हणजे आपल्या घंटांत. दोन पानांनी माणूस मरतो असं मी म्हणत नाही. पण आत्याची गोळी कोणती आहे ते मी तिच्या पाकिटावर वाचलं, आणि ती नेमकी डिगॉक्सिन निघाली.

मी तिला हाईने, गटे काही सांगत बसलो नाही. फक्त म्हटलं, "आत्या, हे झाड चरकाच्या वेळी इथे नव्हतंच. आणि तुझ्या गोळीचं आणि याचं जमत नाही." ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग आमच्या सासूबाई कुठलं खायच्या?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही युरॉलॉजिस्टकडे गेलो. खडा लहान आहे, पाणी वाढवायचं, महिन्याने पुन्हा सोनोग्राफी.

मग कुंडीत पानफुटी ठेवायची कशाला? घंटांसाठी. आणि इथे गव्हाणची गोष्ट येते.

मी गव्हाणला रहातो, पनवेल तालुक्यात. १९७० मध्ये सिडको झाली तेव्हा इकडे भातशेती, खाजण, मिठागरं होती. आता एका बाजूला उलव्याचे टॉवर, एका बाजूला जेएनपीटीकडे जाणारे कंटेनर, २०२४ पासून अटल सेतू आणि उरणपर्यंत लोकल, २०२५ मध्ये विमानतळ. आमच्या बिल्डिंगमध्ये सातारचे आहेत, जळगावचे आहेत, बिहारचे आहेत आणि शेती गेल्यावर साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर घर बांधलेल्या इथल्याच आगरी घरांशी सगळ्यांची ओळख आहे. पानफुटी मला त्यातल्याच एका काकूंनी दिली. त्यांच्या जुन्या घराच्या मागच्या बाजूला ती होती, तिथे दर हिवाळ्याला फुलायची. आमच्या बिल्डिंगमध्ये तिची सहा-सात पोरं वेगवेगळ्या गॅलरीत आहेत. सगळी हिरवीगार. फूल एकालाही नाही.

कारण उजेड. पानफुटीच्या गटातली झाडं फुलायला एक ठराविक क्रम मागतात: आधी लांब दिवसांचा काळ, मग लहान दिवस आणि लांबच लांब, अखंड अंधाराच्या रात्री. आपल्याकडे उन्हाळा-पावसाळ्यानंतर दिवाळीपासून हे आपोआप होतं. पण अंधार अखंड हवा. रस्त्यावरचा एलईडी, समोरच्या साईटचा हायमास्ट, गॅलरीतला रात्रभर जळणारा दिवा, यातलं काहीही पानावर पडलं तर झाड समजतं की रात्र अजून लहान आहे. काकूंच्या परसात रात्री काळोख असायचा. सातव्या मजल्यावरून आमच्याकडे रात्री पेपर वाचता येतो.

मी एक कुंडी रस्त्याच्या बाजूच्या गॅलरीत ठेवली आणि दुसरी मागच्या डक्टजवळच्या खिडकीत. तिथे सकाळी चार तास ऊन येतं आणि रात्री मिट्ट काळोख. मागच्या कुंडीला जानेवारीत दांडा आला. पुढचीला नाही. सॅम्पल साईझ दोन आहे, मान्य, पण पुढच्या वर्षी दोन्हींच्या जागा बदलून बघणार आहे.

बाकीची काळजी अगदी थोडी. मातीची कुंडी, खाली भोक मोकळं. माती हलकी: लाल माती, वाळू आणि थोडं शेणखत. नुसती काळी चिकट माती नको. पाणी तेव्हाच घाला जेव्हा बोट दोन पेरं घालून कोरडं लागेल. हे झाड पाणी वाचवण्यासाठीच रात्रपाळी करतं हे लक्षात ठेवलं की हात आपोआप आवरतो. कोकणातला पाऊस तिला सोसत नाही असं नाही, पण कुंडीत साचलेलं पाणी मुळं कुजवतं, म्हणून जून ते सप्टेंबर कुंडी वळचणीला घ्या. खोडाच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. कापसाच्या बोळ्याने पुसून काढा. शेंडा एकदा खुडला तर झाड आडवं भरतं, पण हे पावसाळ्यापूर्वीच करा, नंतर खुडलात तर त्या वर्षीच्या घंटा गेल्या. दांडा वाढला की झुकतो, काठीचा आधार द्या. आमच्याकडे सकाळी एक शिंजीर येतो, उलटा लटकून घंटेत चोच घालतो आणि पुढच्या घंटेकडे जातो. फुलं महिनाभर टिकतात. वाळली की दांडा बुंध्यापाशी कापा. खालून नवीन फुटवे येतात.

कापलेलं टाकायचं कुठे, हे मात्र जपून. गालापागोस बेटांवर हेच झाड तण म्हणून पसरलं आहे आणि ते उपटायला माणसं लावावी लागली. आपल्याकडे कर्नाळ्याचं जंगल हाकेच्या अंतरावर आहे. ट्रेकला जाताना जादा रोपं तिथे सोडून देणारे निसर्गप्रेमी मी पाहिले आहेत. कापलेली पानं उन्हात पूर्ण कडक वाळवा, मगच ओल्या कचऱ्यात घाला. नुसती पिशवीत बांधून ठेवलीत तर पिशवीतच उगवतात.